कुत्र्याला ‘स्किन झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

भांडुपच्या एका ताईंनी विचारलं आहे. जूनमध्ये त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमधला साधारण दोन वर्षांचा देशी कुत्रा घरी आणला. जुलैपासून तो खाजवतोय. कानांच्या कडांवरचे आणि कोपरांवरचे केस गेलेत, रात्री तो झोपत नाही आणि घरच्यांनाही झोप नाही. तीन वेळा इंजेक्शन झालं. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता त्यांच्या आईच्या हातांवर आणि पोटावर बारीक लाल पुळ्या उठल्यात. शेजारी म्हणतात, कुत्र्याला सोडून या. त्यांचे प्रश्न तीन: हे फंगल आहे का, आईला धोका आहे का, आणि गंधक-खोबरेल लावलं तर चालेल का.

ताई, कुत्र्याला कुठेही सोडू नका. त्याला आणि आईंना जे झालंय ते दोन्ही बरं होणारं आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हे फंगल वाटत नाही, खरूज वाटते. न बघता खात्री देता येत नाही, पण का वाटते ते सांगतो.

खरजेचा किडा, सारकॉप्टिस, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा करत जाते आणि त्यातच अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण किडा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात. कुत्र्याच्या अंगाला या किड्याची आणि त्याच्या विष्ठेची ॲलर्जी येते, म्हणून मोजके किडे असले तरी खाज भयंकर असते. जखम एवढीशी आणि खाजवणं वेड्यासारखं, असा कुत्रा दारातून आत येतो तेव्हाच मी सावध होतो. जागाही ठरलेल्या: कानाची कड, कोपर, मागच्या पायाचा घोटा, पोट आणि छाती, म्हणजे जिथे केस विरळ तिथे. पाठ बहुतेक वेळा शेवटपर्यंत स्वच्छ राहते. त्यात घरातल्या माणसाला पुळ्या आल्या की संशय पक्का होतो, कारण कुत्र्याच्या बाकीच्या बहुतेक त्वचारोगांत माणसाला काही होत नाही.

एक गोष्ट तुम्ही आत्ता घरी करून बघू शकता. तो शांत बसलेला असताना त्याच्या कानाच्या पाळीची कड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरा आणि कड कडेवरच हळूच घासल्यासारखी चोळा. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला तर खरजेची शक्यता बरीच वाढते. यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांना नक्की सांगा.

डॉक्टरांकडे गेल्यावर एकच मागणी करा: स्क्रेपिंग करून बघा. बोथट ब्लेडवर लिक्विड पॅराफिनचा थेंब घ्यायचा, कानाच्या कडेची आणि कोपराची खपली खरवडायची, ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. किडा सापडला तर तो गोल, ढेरपोट्या कासवासारखा दिसतो, पाय आखूड, आणि तेलात सावकाश हलत असतो. मी पालकांना स्वतः डोळा लावून बघायला सांगतो. एकदा तो हलताना बघितला की औषध अर्धवट सोडणारं घर मला क्वचितच भेटलंय.

पण इथे एक अडचण आहे. खरजेत किडे थोडे असतात, त्यामुळे खरूज असूनही स्क्रेपिंगमध्ये काही न सापडणं नेहमीचं आहे. म्हणून ‘काही दिसलं नाही’ याचा अर्थ ‘खरूज नाही’ असा घेऊ नका. लक्षणं जुळत असतील तर खरूज समजूनच उपचार करायचे आणि पुढच्या चार-सहा आठवड्यांत खाज जाते का ते बघायचं. मग स्क्रेपिंग करायचंच कशाला? दुसरा किडा, डेमोडेक्स, सुटू नये म्हणून.

आता त्या तीन इंजेक्शनांबद्दल. कागद असेल तर त्यावरचं नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, ट्रायॲमसिनोलोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. ‘आठवडाभर बरं आणि मग पुन्हा’ हा त्याचाच नमुना. स्टिरॉइड खाज दाबतं, किड्याला काही करत नाही. वर अंगाची प्रतिकारशक्ती दबते आणि किड्यांना रान मोकळं मिळतं. स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. ॲलर्जीच्या कुत्र्यांत मीही वापरतो, पण किडे, जंतू आणि बुरशी नाहीत हे बघून झाल्यावर.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी परळच्या एका घरातून सात महिन्यांची बॉक्सर मादी आली होती. डोळ्याभोवती आणि ओठाजवळ दोन रुपयांच्या नाण्याएवढे केस गेलेले, थोडी लाली. मला ॲलर्जी वाटली. मी स्क्रेपिंग केलं नाही. स्टिरॉइड दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा दिलं. महिन्याभराने ती आली तेव्हा चारही पंजे सुजून पाव झाले होते, बोटांच्या फटींतून रक्तमिश्रित पू येत होता आणि अंगात ताप होता. तेव्हा खरवडून बघितलं तर काचपट्टी डेमोडेक्सने भरलेली. डेमोडेक्स लांबट असतो, सिगारसारखा, पुढे आठ आखूड पाय. त्या काळात दर आठवड्याला ॲमिट्राझ या किडेमार औषधाच्या पाण्याने अंग भिजवणं हाच मुख्य उपाय होता. टॅक्सीवाले तिला घ्यायला तयार नसत, म्हणून त्या घरातले काका तिला जुन्या चादरीत गुंडाळून, उचलून चालत आणायचे. पाच महिने. ती वाचली, पण पुढच्या पंजांवरचे केस परत आले नाहीत. त्यानंतर खाजवणाऱ्या किंवा केस गेलेल्या कुत्र्याला स्क्रेपिंगशिवाय मी एकही इंजेक्शन दिलेलं नाही.

डेमोडेक्सची गोष्ट खरजेपेक्षा निराळी आहे, आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. डेमोडेक्स बहुतेक सगळ्या निरोगी कुत्र्यांच्या केसांच्या मुळाशी थोड्या संख्येने असतोच. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दूध पिताना, तो आईकडून पिल्लाकडे येतो. पुढे प्रतिकारशक्ती कमी पडली की त्याची संख्या वाढते. तो दुसऱ्या मोठ्या कुत्र्याला लागत नाही, माणसाला लागत नाही. सुरुवातीला खाजही नसते, नुसते केस जातात. पिल्लाला तोंडावर किंवा पायावर एक-दोन चट्टे असतील तर बहुतेकदा ते आपोआप भरून येतात, तिथे उगाच जोरदार औषधं देऊ नयेत. अंगभर पसरला तर मात्र काही महिन्यांचे उपचार, आणि महिन्याच्या अंतराने केलेली दोन स्क्रेपिंग स्वच्छ येईपर्यंत औषध थांबवायचं नाही. केस आले म्हणजे बरं झालं, असं समजून बंद केलेली औषधं मी फार बघितली आहेत. कुत्रा मोठ्या वयाचा असेल आणि पहिल्यांदाच डेमोडेक्स पसरला असेल तर थायरॉइड, कुशिंग (अंगातलंच स्टिरॉइड जास्त तयार होण्याचा आजार) किंवा चालू असलेली स्टिरॉइडची औषधं तपासायला हवीत. आणि ज्या पिल्लाला अंगभर डेमोडेक्स झाला होता त्याच्यापासून पुढे पिल्लं घेऊ नका, ही प्रवृत्ती वंशात उतरते. पग आणि शिट्झूची पिल्लं विकणाऱ्यांना हे मी तोंडावर सांगतो.

या दोन्ही किड्यांवर गेल्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलंय. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर या गटातल्या चावून खायच्या गोळ्या आल्या आणि ॲमिट्राझच्या बादल्या जवळजवळ संपल्या. त्याच गोळीने पिसवा आणि गोचिडीही मरतात. डोस वजनावर ठरतो, म्हणून मी इथे आकडा देत नाही. ८ आठवड्यांखालच्या पिल्लाला देऊ नका. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना कंप किंवा फिट येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला आहे.

गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून कुणाच्या सांगण्यावरून टोचू नका. कोली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांच्या संकरातल्या अनेक कुत्र्यांत एका जनुकात बदल असतो, त्यामुळे हे औषध थेट मेंदूत पोचतं. लाळ गळते, झोकांड्या जातात, बाहुल्या मोठ्या होतात, कुत्रा बेशुद्ध पडतो. रस्त्यावरच्या कुत्र्यात कुणाचं रक्त मिसळलंय हे आपल्याला दिसून कळत नाही.

‘हे फंगल आहे का’ या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण मुंबईत कुत्र्याच्या अंगावरच्या प्रत्येक गोल चट्ट्याला फंगल म्हणायची सवय झाली आहे. खरा नायटा कुत्र्यांत होतो, पण पिल्लांत जास्त, आणि बऱ्याचदा घरातल्या किंवा शेजारच्या पर्शियन मांजराकडून येतो. निरोगी मोठ्या कुत्र्याच्या पोटावर जो गोल, कडेने पापुद्रे निघणारा, मधोमध काळसर होत जाणारा चट्टा दिसतो, तो बहुतेकदा जिवाणूंचा असतो. पुळी फुटून पसरली की अशी कडी उरते. त्यावर फंगलची क्रीम महिनाभर लावली तरी काही होत नाही. नायट्याचा संशय असेल तर वूड्स लॅम्प या खास जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली केस बघता येतात, पण सगळ्या बुरशी त्याखाली चमकत नाहीत, म्हणून केस उपटून कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, पाठवणं जास्त भरवशाचं. नायटा निघालाच तर तो माणसाला लागतो आणि त्याचे बीजाणू घरात महिनोन्‌महिने टिकतात. अशा वेळी घराची साफसफाई औषधाइतकीच महत्त्वाची.

त्या जिवाणूंच्या पुरळाबद्दल मला एवढंच सांगायचंय की तो बहुतेक वेळा दुय्यम असतो. खाली खरूज, पिसवा किंवा ॲलर्जी असते, कुत्रा खाजवतो, कातडी फाटते, आणि एरवी अंगावर गुण्यागोविंदाने राहणारा स्टॅफिलोकोकस आत शिरतो. पाच दिवस अँटिबायोटिक घेऊन, बरं दिसलं म्हणून सोडून, पुढच्या महिन्यात दुसरं सुरू करायचं, असं वर्षभर चाललेले कुत्रे माझ्याकडे येतात. त्यांच्या कल्चरमध्ये मग एकही साधं औषध लागू पडत नाही. उथळ पुरळाला क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू पुष्कळदा पुरतो. तो अंगावर १० मिनिटं ठेवायचा, आणि ती १० मिनिटं घड्याळ लावून मोजायची. गोळ्या दिल्याच तर डॉक्टर पुन्हा तपासून ‘थांबवा’ म्हणेपर्यंत द्यायच्या.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त येतं ते मॅलेसेझिया, यीस्ट. जून ते सप्टेंबर मुंबईत टॉवेल वाळत नाही तिथे कुत्र्याची काख कशी वाळणार? दार उघडल्याबरोबर वास येतो, न वाळलेल्या फडक्याचा आंबूस वास. अंग तेलकट, कातडी काळी आणि जाड, हत्तीच्या कातडीसारखी. काख, मानेखालची घडी, बोटांच्या फटी आणि कान या त्याच्या जागा. पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबायची, रंग देऊन बघायची, की पावलांच्या ठशांसारख्या पेशींचे पुंजके दिसतात. फिरवून आणल्यावर पाय धुतले की बोटांच्या फटी कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक फट वेगळी. माझ्या मते पावसाळ्यातला हा सगळ्यात उपयोगी उद्योग आहे, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा.

पिसवांसाठी एक सोपी परीक्षा. शेपटीच्या बुडाजवळचे केस विंचरा, कंगव्यात आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोश तुमच्या गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात असतात. म्हणून एकदा फवारा मारून काही होत नाही, निदान तीन महिने सलग उपचार हवेत.

गोचीड कातडीवर दिसते, पण मला भीती तिच्यामुळे रक्तात शिरणाऱ्या जंतूंची वाटते. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातच संसार थाटते. रक्त पिऊन फुगलेली मादी भिंतीवर चढते, पलंगाच्या सांध्यात, घड्याळामागे, दाराच्या चौकटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. तिच्या चाव्यातून एहर्लिकिया आणि बबेसिया रक्तात जातात. कुत्र्याने जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध तिच्या जवळपासही नको, त्याने मांजरं मरतात.

आता घरगुती लेप. गंधक खरजेवर खरंच काम करतो, हे जुन्या लोकांचं निरीक्षण बरोबर आहे. पण नेमक्या प्रमाणात, अंगभर, आठवडेच्या आठवडे लावावा लागतो, आणि कुत्रा चाटतो. हातात गोळी असताना मी तो लावायला सांगणार नाही. खोबरेल तेलाने खपली मऊ होते, किडा मरत नाही. गॅरेजमधलं काळं ऑइल, रॉकेल, फिनेल यांतलं काहीही नको. काळं ऑइल लावलेले रस्त्यावरचे कुत्रे दरवर्षी येतात. कातडी भाजलेली, चाटून पोटात गेलेलं, आणि खरूज होती तशीच. जखमेत अळ्या पडल्या असतील तर त्यावरही पेट्रोल ओतू नका. पावसात कानामागच्या छोट्या जखमेतून त्या दोन दिवसांत खोल जातात, तेव्हा त्याच दिवशी दवाखान्यात न्या. जवळ डॉक्टर नसेल तर परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून आणि बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज १८८६ पासून हे काम करत आलंय.

आईंचं असं. कुत्र्याची खरूज माणसाच्या अंगावर येते, चावते, पण तिथे आपलं जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही. कुत्रा ज्या अंगाने कुशीत बसतो तिथेच पुळ्या येतात, म्हणजे हात, पोट, मांड्या. कुत्र्यावर उपचार सुरू झाले की बहुतेक दोन-तीन आठवड्यांत त्या जातात. तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात खाजवणारा कुत्रा आहे हे आधी सांगा. न विचारता मेडिकलमधून मिळणारी, स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगलचं औषध एकत्र असलेली ट्यूब लावू नका. कुत्र्याच्या इंजेक्शनने जे झालं तेच त्या ट्यूबने आईंच्या हाताला होईल.

त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा. भांडुपला सध्या ऊन कुठलं, तेव्हा कडक इस्त्री फिरवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन आठवडे बाजूला ठेवा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला खाज असो-नसो, औषध त्यालाही.

आणि ज्या पार्किंगमधून तो आला तिथे अजून कुत्रे असतील. त्यांना रोज खायला घालणारं कुणी तरी असतंच, वॉचमन किंवा समोरच्या विंगमधल्या कुणी काकू. त्यांना गाठा. डॉक्टरांना त्या कुत्र्यांचं अंदाजे वजन सांगून गोळ्या घ्या, आणि तुमच्या कुत्र्याला द्याल त्याच रविवारी चिकनच्या तुकड्यात घालून त्यांनाही द्या. हे केलं नाही तर सकाळी फिरायला नेल्यावर तो तीच खरूज पुन्हा घेऊन येईल. शेजाऱ्यांनाही हे सांगा: त्याला सोडून आलात तर खरूज जिन्याखाली राहणार, गोळी दिली तर जाणार.

पहिले आठ-दहा दिवस खाज तशीच राहील, कदाचित वाढल्यासारखीही वाटेल, कारण मेलेले किडे कातडीतच असतात. त्या दिवसांत घाबरून औषध बदलू नका, आणि ‘खाजेचं एक इंजेक्शन द्या’ असा आग्रह धरू नका. फार तळमळत असेल तर डॉक्टर स्क्रेपिंग बघून ठरवतील. चार आठवडे झाले की, तो झोपलेला असताना नव्हे, जागा आणि शांत असताना, कानाची कड पुन्हा तशीच चोळून बघा.